जंत कोणत्या दारानं येतो? परजीवी शिकायला नवीन असाल तर

दर जुलैत आमच्या लॅबला डीएमएलटीचे (लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाचे) नवीन पोट्टे येतात आणि आठवडाभरात त्यांच्या वह्या नावांनी भरून जातात, एंटअमिबा, अस्कॅरिस, वुचेरेरिया, प्लाझमोडियम, त्यातलं अर्धं स्पेलिंग चुकलेलं, आणि मग चहाच्या टपरीवर विचारतात की सर हे पाठ कसं करायचं. मी म्हणतो पाठ करूच नका बाप्पा. पंधरा-सोळा वर्षं मायक्रोस्कोपखाली लोकांची शी आणि रक्त बघून मला एवढंच कळलं की परजीवी हा घरं बदलत फिरणारा फुकट्या भाडेकरू आहे. त्याचं नाव नंतर विचारा, आधी हे विचारा की तो एका घरातून कोणत्या दारानं बाहेर पडतो, मधल्या काळात कुठे थांबतो आणि पुढच्या घरात कोणत्या दारानं शिरतो. एवढं जमलं की नाव आपोआप लक्षात राहतं आणि त्याला अडवायचं कुठे हेही कळतं.

तर त्या पोट्ट्यांसाठी लिहून राहिलो, पण घरात लहान लेकरू, मांजर, कूलर किंवा सांभाराची (कोथिंबिरीची) जुडी यातलं काहीही असेल तरी वाचा.

पहिली पायरी: हा परजीवी आहे का ते ठरवा

याला मायक्रोस्कोप लागत नाही, आंब्याचं जुनं झाड पुरतं. एखाद्या फांदीवर वेगळ्याच पानांचा झुबका दिसतो, ते बांडगूळ. ते आंब्याच्या लाकडात स्वतःची मुळं घुसवून पाणी आणि क्षार ओढतं, पण पानं हिरवी असल्यामुळे अन्न स्वतः बनवतं, म्हणजे अर्धा परजीवी. आता आमच्या नागपूर शहराबाहेर काटोल किंवा उमरेडच्या रोडनं जाताना बोरीवर पिवळ्या दोऱ्यांचं जाळं दिसतं का बघा, ती अमरवेल, तिला पानंच नाहीत, सगळं बोरीच्या जिवावर, म्हणजे पूर्ण परजीवी. दोन्हींवरून व्याख्या तयार होते: दुसऱ्या जिवंत जीवाच्या अंगावर किंवा आत राहायचं, त्याच्याकडूनच खायचं आणि त्याचं नुकसान करायचं. तिन्ही गोष्टी पाहिजेत. मेलेल्या ओंडक्यावरचं भूछत्र परजीवी नाही कारण ओंडका जिवंत नाही, ताडोबातला वाघ परजीवी नाही कारण तो चितळावर राहत नाही, त्याला मारून खातो. म्हशीच्या पाठीवर बसलेला बगळाही नाही, पण तिच्या कानातली गोचीड शंभर टक्के परजीवी.

ज्याच्यावर राहतो तो पोशिंदा. काही पुस्तकांत यजमान लिहिलेलं असतं (वर्गात हमखास कोणीतरी सत्यनारायणाच्या पूजेचा जोक मारतं), कॉलेजात सगळे होस्टच म्हणतात, तीनही शब्द एकच.

मुरलेला परजीवी पोशिंद्याला सहसा पटकन मारत नाही, घर पडलं तर राहणार कुठे. याला अपवाद बघायचा असेल तर कापूसवाल्या शेतकऱ्याला ट्रायको कार्ड विचारा. त्या कार्डावर ट्रायकोग्रामा नावाच्या इवल्याशा गांधीलमाशीच्या जातीच्या किड्याची पिल्लं असतात, ती मोठी झाली की बोंडअळीच्या अंड्यात स्वतःचं अंडं घालतात आणि अळी जन्मायच्या आधीच संपते. हा पोशिंद्याला मारूनच मोठा होतो, म्हणून त्याला वेगळा गट.

अंगावर राहणारे म्हणजे ऊ, गोचीड, खरजेचा किडा, हे बाह्य परजीवी, आतले म्हणजे जंत, अमिबा, मलेरियाचा जंतू, हे अंतःपरजीवी. डेंगूचा विषाणूसुद्धा फुकटच खातो, पण परजीवीशास्त्राच्या पेपरात रिवाजानं फक्त एकपेशीय जीव, कृमी आणि किडे-गोचिडी येतात, त्यामुळे डेंगू तिथे लिहू नका, मार्क जातात.

दुसरी पायरी: पोशिंदे किती आणि मुख्य कोण

काही परजीवींचं एकाच घरात भागतं. काहींना दोन लागतात, आणि पोट्टे इथेच अडकतात. नियम सोपा आहे: परजीवीचे नर-मादी जिथे जमतात, म्हणजे लैंगिक प्रजनन जिथे होतं, तो मुख्य किंवा अंतिम पोशिंदा. जिथे नुसती मधली वाढ होते तो मध्यस्थ पोशिंदा. आपण माणूस आहोत म्हणून दर वेळी मुख्य आपणच असं काही नाही.

हत्तीपायाच्या जंताचे नर-मादी माणसाच्या लसिकावाहिन्यांत, म्हणजे अंगातला पाण्यासारखा द्रव नेणाऱ्या बारीक नळ्यांत राहतात, तिथेच त्यांची पिल्लं होतात, डासात ती पिल्लं फक्त वाढतात. म्हणजे माणूस मुख्य, डास मध्यस्थ. आता मलेरिया घ्या. तोही डासातून येतो, पण प्लाझमोडियमचं मीलन होतं डासाच्या पोटात, आपल्या रक्तात तो नुसता एकाचे अनेक होत वाढतो. म्हणजे इथे डास मुख्य आणि आपण मध्यस्थ! तोंडी परीक्षेत दर वर्षी विचारतात आणि दर वर्षी पोट्टे उलटं सांगतात.

तिसरा शब्द साठा. परजीवी ज्या प्राण्यात शांतपणे टिकून राहतो आणि जिथून पुन्हा पुन्हा माणसात येतो तो साठा. आणि चौथा वाहक, म्हणजे नेऊन सोडणारा. वाहक पोशिंदा असू शकतो, जसा डास, किंवा नुसता हमाल असू शकतो, जशी घरमाशी, ती शीवर बसते, पायाला अमिबाच्या गाठी (सिस्ट, म्हणजे कवचात झोपलेला अमिबा) लावून घेते आणि येऊन तुमच्या तर्री पोह्याच्या प्लेटीवर बसते, तिच्या पायावर काहीच वाढत नाही, नुसती डिलिव्हरी.

तिसरी पायरी: दारं शोधा

इथे वेळ घालवा, खरा विषय हाच आहे. वहीत चार रकाने करा: बाहेरचं दार, मधला मुक्काम, आतलं दार, आणि मधे कोणी नेणारा आहे का. मग एकेक भरा.

साधा गोल जंत, अस्कॅरिस. लांबीला वीतभर किंवा थोडा जास्तच, एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. बाहेरचं दार शी, आतलं दार तोंड. पण मधला मुक्काम विसरू नका, ताज्या शीतलं अंडं गिळलं तरी जंत होत नाही, ते ओलसर मातीत दोन-तीन आठवडे पिकावं लागतं. म्हणून हा मातीतून येणारा, नखातून, न धुतलेल्या मुळ्यातून, पालकातून. पोटात गेल्यावर अळी आतड्यातून रक्तात, रक्तातून फुप्फुसात, तिथून खोकल्याबरोबर घशात आणि परत गिळली जाऊन आतड्यात, म्हणजे एवढी मोठी परिक्रमा करून आधी होती तिथेच. याचं कारण मला तरी कोणी नीट सांगितलं नाही.

अंकुशकृमीचं बाहेरचं दार तेच, पण आतलं दार वेगळं, तुमचा अनवाणी पाय. अळी ओल्या सावलीच्या मातीत थांबते आणि कातडीतून थेट आत घुसते, मग आतड्याला चिकटून रोज थोडं थोडं रक्त पिते. शेतावर निंदायला जाणाऱ्या बायांचं हिमोग्लोबिन गोळ्या खाऊनही वर येत नसेल तर मी आधी पायात काय घालता ते विचारतो. आपल्या मे महिन्याच्या ४५ डिग्रीत उघडी कोरडी माती या अळ्यांना भाजून काढते, पण पहिले दोन-चार पाऊस पडले आणि बांधावरच्या झाडाखाली ओल धरली की परत सुरू. जंतासाठी हात आणि भाजी, अंकुशकृमीसाठी चप्पल. बाहेरचं दार एक, पण उपाय वेगळा, कारण आतलं दार वेगळं.

आता बारीक जंत, सुरकृमी म्हणतात तो. यात मी स्वतः तोंडावर पडलो आहे. माझा पोरगा तेव्हा पहिलीत होता, रात्री झोपेत मागे खाजवायचा, मी लॅबवाला असल्यामुळे हुशारीनं शी तपासली, काही नाही दिसलं, तरी डॉक्टरांना विचारून गोळी दिली, बरं वाटलं, महिन्यात परत सुरू. असं तीनदा झालं. शेवटी आमच्याच लॅबमधल्या सिनियर मॅडम म्हणाल्या, अरे बाबा, ही मादी अंडी शीत घालतच नाही, रात्री बाहेर येऊन गुदाच्या कडेला घालते, तू चुकीचं दार बघून राहिला. सकाळी आंघोळीच्या आधी तिथे पारदर्शक सेलोटेप चिकटवून काच बघितली तर अंडीच अंडी. आणि ही अंडी काही तासांतच तयार होतात, पोरगं खाजवतं, नखात अंडी जातात, तेच बोट तोंडात, शिवाय चादर, उशी, बहिणीचं खेळणं. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी गोळी घेतली, दोन आठवड्यांनी परत घेतली कारण गोळी किडा मारते, अंडी नाही मारत, नखं कापली, चादरी गरम पाण्यात टाकल्या, तेव्हा कुठे सुटलो.

अमिबा आणि जिआर्डिया हे एकपेशीय परजीवी पाण्यातून येतात, गाठीच्या रूपात, आणि ती गाठ चिवट असते. नळाच्या पाण्यात जेवढं क्लोरीन असतं तेवढ्यानं अमिबाची गाठ मरेलच असं नाही, खळखळ उकळलं तर मरते. आव पडून राहिली आणि पाणी उकळायचा कंटाळा येत असेल तर काय म्हणावं.

आता सगळ्यात घोळ जिथे होतो तो फीतकृमी, डुकराचा. एकदा एक मावशी रिपोर्ट घेऊन आल्या, पोराला फिट आली होती, एमआरआयमध्ये मेंदूत गाठी निघाल्या, डॉक्टरांनी फीतकृमीचं नाव घेतलं होतं आणि मावशी माझ्यावरच चिडल्या, "आम्ही तं अंडंसुद्धा नाही खात, माळकरी घर आहे आमचं, डुकराचा किडा आमच्यात काहून येईन?" त्यांचं चिडणं बरोबर होतं, कारण सगळे हेच समजतात. इथे दोन वेगळ्या दारांनी दोन वेगळे आजार होतात. डुकराच्या मटनात अळीच्या गाठी असतात, ते कच्चंपक्कं खाल्लं तर माणसाच्या आतड्यात लांबलचक फीतकृमी वाढतो, बस, त्या मटनानं थेट मेंदूत काही होत नाही. पण त्या माणसाच्या शीतून अंडी पडतात. ती अंडी एरवी डुकरानं खायची असतात, माणूस मुख्य पोशिंदा आणि डुक्कर मध्यस्थ. तीच अंडी माणसाच्या पोटात गेली, सांभार नीट न धुता वरून भुरभुरला, किंवा फीतकृमी असलेल्या माणसानं हात न धुता कणीक मळली, तर माणूस डुकराच्या जागी बसतो. अळ्या रक्तातून स्नायूत, डोळ्यात, मेंदूत जाऊन गाठी करतात आणि मग फिट. म्हणजे पोराला मिळालं ते डुकराकडून नाही, कोणत्या तरी माणसाच्या शीतून, आणि त्याच्याशी तुम्ही मटन खाता की नाही याचा काहीच संबंध नाही. मावशींना हे समजावता समजावता लॅबमधला दुसरा चहा गार झाला, पण जाताना त्यांनी भाजी कशी धुवायची ते मात्र नीट विचारून घेतलं.

तर कशी धुवायची: पानं सुटी करून वाहत्या पाण्याखाली चोळून, दोन-तीनदा. लाल औषधाच्या (पोटॅशियम परमँगनेटच्या) किंवा मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवलं म्हणजे अंडी मेली असं धरू नका, कवच जाड असतं. अंडी निघतात ती चोळल्यानं आणि मरतात ती शिजवल्यानं. कच्चा सांभार पाहिजेच असेल तर मेहनत घ्या.

मांजरवाल्यांसाठी थोडक्यात. टोक्सोप्लाझमा नावाच्या एकपेशीय परजीवीचा मुख्य पोशिंदा मांजर. तिच्या शीतल्या गाठी पिकायला एक ते पाच दिवस लागतात, म्हणून तिच्या शीचा खोका रोज साफ करा, आणि घरात बाई गरोदर असेल तर ते काम दुसऱ्यानं करायचं. मांजर सोडून द्यायची गरज नाही.

हत्तीपायाला वेगळा परिच्छेद पाहिजे

कारण हा आपल्या इकडचा आहे. नागपूर, वर्धा, चंद्रपूर, भंडारा, गडचिरोली, हा सगळा पट्टा फायलेरियाचा, म्हणजे हत्तीपायाचा, जुना पट्टा, सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात यावर कित्येक वर्षं संशोधन झालं आहे. वाहक क्युलेक्स डास, त्याला घाण साचलेलं पाणी आवडतं, तुंबलेली नाली, उघडा सेप्टिक टँक, नागनदीच्या कडेचे डबके. हा डास रात्री चावतो, आणि जंताची पिल्लं दिवसभर फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दडून राहतात, रात्री दहाच्या पुढे कातडीजवळच्या रक्तात येतात, म्हणजे डासाच्या वेळेला बरोबर हजर. म्हणून सरकारी टीम रात्री दहानंतर दार ठोठावते आणि बोट टोचून रक्त मागते. लोक शिव्या घालतात, एवढ्या रात्री काय चोरी करायला आले का म्हणून, पण दुपारी तीच स्लाइड घेतली तर कोरी निघते. मी नवीन असताना दोन रात्री अशा टीमबरोबर फिरलो आहे, कुत्री मागे लागतात ते वेगळंच.

याच्या दारांबद्दल एक जुनी गोष्ट आहे आणि ती मला फार आवडते. पॅट्रिक मॅन्सन नावाच्या डॉक्टरनं १८७७ मध्ये चीनच्या अमॉय बंदरात दाखवलं की फायलेरियाची पिल्लं डासात वाढतात. बाहेरचं दार सापडलं, मधला मुक्काम सापडला. पण आतलं दार त्याचं चुकलं, त्याला वाटलं डास पाण्यात मरतो आणि माणूस ते पाणी पितो. तब्बल तेवीस वर्षांनी, १९०० मध्ये, जॉर्ज लो यानं डासाच्या सोंडेतच अळ्या दाखवल्या. ती अळी सोंडेतून कातडीवर उतरते आणि चाव्याच्या भोकातून सरकत आत जाते. मधल्या काळात याच मॅन्सनच्या नादानं रोनाल्ड रॉसनं २० ऑगस्ट १८९७ ला सिकंदराबादेत अ‍ॅनॉफिलिस डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पकडला. एवढ्या मोठ्या माणसाचं एक दार चुकू शकतं तर पोट्ट्यांनो तुमचं चुकलं म्हणून रडू नका, फक्त परत बघा.

गोळ्यांचंही सांगून टाकतो. डीईसी, अल्बेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन असा तिहेरी डोस देशात ज्या पहिल्या काही जिल्ह्यांत दिला गेला त्यात २०१९ ला नागपूर होतं. लोक म्हणतात मला काही झालं नाही, मी काहून खाऊ. अरे पण रक्तात पिल्लं असलेल्या पुष्कळ लोकांना काहीच त्रास नसतो, पाय सुजतो किंवा हायड्रोसिल (अंडकोषात पाणी साठणं) होतो तो कित्येक वर्षांनी, तोपर्यंत डास त्यांच्याकडूनच माल उचलत राहतो. गोळी खाऊन ताप-चक्कर आली तर ती बहुतेकदा आत पिल्लं मरत असतात म्हणून येते. गरोदर बाया, अगदी लहान मुलं आणि खूप आजारी लोक सोडून बाकीच्यांनी गोळी द्यायला आलेल्या ताईंच्या समोरच गिळा, मुठीत लपवून कुंडीत टाकू नका, कुंडीला हत्तीपाय होत नाही.

चौथी पायरी: साखळी कुठे तोडायची

चारही रकाने भरले की सगळ्यात कच्चा दुवा शोधायचा. यात नारूएवढं सुंदर उदाहरण नाही. आजीला विचारा, पायातून दोऱ्यासारखा किडा निघायचा आणि तो काडीला गुंडाळत गुंडाळत दिवसेंदिवस बाहेर काढायचे. माणूस फोड आलेला पाय घेऊन पायविहिरीत उतरला की जंत पाण्यात पिल्लं सोडायचा, ती पिल्लं पाण्यातला सायक्लॉप्स नावाचा बारीक जीव खायचा, आणि तेच पाणी प्यालं की वर्षभरानं नवीन नारू. याच्यावर ना लस होती ना औषध. तरी तो गेला, कारण आतलं दार एकच होतं आणि ते कापडानं बंद होत होतं. पाणी गाळा, पायविहिरीत उतरू नका, हातपंप बसवा. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये, आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला.

आता हेच आपल्या घराला लावा. क्युलेक्ससाठी सेप्टिक टँकच्या व्हेंट पाइपला जाळी बांधा, जुनं कापड बांधलं तरी चालतं, कॉलनीत सगळ्यांनी बांधलं तर फरक कळतो, एकट्यानं बांधलं तर शेजाऱ्याचे डास चावतातच. कूलर आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामा करून आतून घासून काढा. कूलरमधला डास बहुतेक एडिस, तो डेंगूचा, आपल्या विषयातला नाही, पण त्याची अंडी कडेला चिकटून महिनोन्महिने कोरडी टिकतात म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, घासणं पाहिजेच. पावसाळ्यात मागचं गवत काढा आणि उंदरांना थारा देऊ नका, २०१८ च्या पावसाळ्यात नागपुरात आणि विदर्भात स्क्रब टायफसचे बरेच पेशंट निघाले होते. तो आजार जिवाणूचा, पण आणणारा गवतातला चिगर नावाचा अगदी बारीक किडा, आणि त्याची फक्त अळीच परजीवी असते, मोठा झाला की मातीत आपलं आपलं खातो. लेकरांच्या शाळेत जंताची गोळी देतात ती खाऊ द्या, एक ते एकोणीस वर्षांच्या सगळ्यांसाठी आहे.

शेवटची पायरी: सॅम्पल

शंका असेल तर मेडिकलवरून गोळी आणून गिळू नका, आधी तपासा. शीचं सॅम्पल स्वच्छ कोरड्या डबीत, लिंबाएवढं नको, बोराएवढं पुरे. लघवी आणि पाणी त्यात मिसळलं तर जिवंत अमिबा मरतो. पातळ असेल तर अर्ध्या तासात आणा, कारण अमिबा तेवढाच वेळ हलताना दिसतो. बांधून असेल तर दोन-चार तास चालतात. एका सॅम्पलमध्ये काही नाही निघालं म्हणून काही नाही असं नसतं, अंडी रोज सारखी पडत नाहीत, एक-दोन दिवस सोडून तीन सॅम्पल द्या. आणि डबीवर नावाबरोबर वेळ लिहा, सकाळी सातची शी अकराला आणून आत्ताचीच आहे म्हणणारे रोज दोन तरी असतात आणि काचेवर ते लगेच कळतं.